खाजत नाई, तं दाखवू कायले?

कुष्ठरोग तंत्रज्ञ आपली मोटारसायकल ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी लावतात. जायचं ते घर अजून चार गल्ल्या आत आहे आणि सिमेंटचा रस्ता थेट दारापर्यंत जातो, तरी गाडी इथंच. ते नोकरीला लागले तेव्हा कुष्ठरोगाच्या कामाला वेगळी माणसं आणि वेगळी जीप असायची. जीप ज्या दारापुढं थांबली, त्या घराचं नाव संध्याकाळच्या आत गावभर व्हायचं. पुढं हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं, जीप गेली. गाडी लांब लावायची सवय मात्र राहिली. आता निवृत्ती जवळ आली आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा धानाचा पट्टा, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीची बाजू. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर या मजकुरातली माणसं कोण हे गावाला चहा होईपर्यंत कळेल, आणि त्यांनी इतकी वर्षं जे सांभाळलं ते मी एका सकाळीत उधळून टाकीन. डिसेंबर आहे. धान निघालंय, बांध्यांत लाखोळी वर आलीय, खळ्यांवर पुंजणे उभे आहेत. संक्रांतीच्या मागेपुढे अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जाईल. दारांना एकदा कुलपं लागली की माणसं होळीलाच भेटतात, म्हणून घरोघरची तपासणी आत्ताच उरकायची घाई.

पुढं आशाताई, त्यांच्यासोबत एक तरुण स्वयंसेवक. बायकांना आशाताईंनी पाहायचं, पुरुषांना त्यानं. घरातली सगळी माणसं पाहून झाली की भिंतीवर 'एल', कोणी राहिलं असेल तर 'एक्स'. मागच्या गल्लीत दोन घरांवरची अक्षरं पुसलेली दिसतात. पाहुणे यायचे आहेत म्हणून पुसली असं आशाताई सांगतात, आणि त्यात राग नाही.

"अंगावर कुठं डाग, चट्टा? हातापायाले मुंग्या?" त्या दारातूनच विचारतात. उत्तर ठरलेलं असतं. "नाई जी." गंमत म्हणजे ज्यांना काही नाही ते हौसेनं दाखवतात. एक म्हातारे खाटेवरून उठून पाठीवरचा जन्मखुणेचा डाग दाखवतात, मग बैलानं मारलेली मांडी, मग पायावरचा नायटा. नायट्याला खाज आहे का, असं तंत्रज्ञ विचारतात. "खाज? झोप नाई लागत!" म्हातारे जवळजवळ अभिमानानं सांगतात. "मंग चांगलं हाय," तंत्रज्ञ म्हणतात आणि पुढं निघतात. खाज म्हणजे चामडी जागी आहे. ह्यांना शोधायची आहे ती न खाजणारी.

ज्या घरासाठी तंत्रज्ञ मुद्दाम आलेत, तिथल्या बाईचा डाग आशाताईंना बचत गटाच्या बैठकीत दिसला. सही करताना पदर सरकला तेवढाच. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

अंगणात सासू खाटेवर वड्या वाळत घालतेय. सून पस्तिशीची असेल. थोरली मुलगी आत आहे, धाकटा दुसरीतला पोरगा उंबऱ्यावर बसून आमच्याकडं टकमक पाहतोय. नवरा धान घेऊन राइस मिलवर गेलाय. सगळ्यांची तपासणी चालू आहे, तुमचीच असं नाही, हे वाक्य आशाताई दोनदा म्हणतात. उजव्या हाताचा चट्टा रुपयाहून थोडा मोठा. रंग आसपासच्या कातडीपेक्षा फिकट, कडेला किंचित लालसर. त्यावर लव नाही. एरवी मी तिकडं पाहिलंही नसतं.

"ताई, आधी डोळे उघडे ठेवून पाहा," तंत्रज्ञ बॉलपेनचं टोक तिच्या मनगटाला हलकेच लावतात. "असं लागलं की त्या जागेवर बोट ठेवायचं. आता डोळे मिटा."

ती डोळे मिटते. टोक कोपराजवळ, बोट बरोबर तिथं. टोक तळव्यावर, बोट तिथं. अंगठ्याच्या मुळाशी, तिथंही. अंगणात कोणी बोलत नाही. सासूचा वड्या घालणारा हात थांबलाय. टोक चट्ट्यावर येतं, कातडी खाली दबलेली मला दिसते.

ती वाट पाहतेय. चेहऱ्यावर लक्ष एकवटलेलं, पुढचा प्रश्न अजून आला नाही असं. तंत्रज्ञ टोक उचलतात, चट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला लावतात. परत उचलतात, मधोमध लावतात.

"आई, लावला नं!" उंबऱ्यावरून पोरगा ओरडतो.

"कुठी?" ती विचारते. डोळे अजून मिटलेलेच.

त्या क्षणी अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तिला सोडून. पोरगा हसतोय, कारण आई खेळात हरली. सासू हसत नाही.

डोळे उघडल्यावर ती आधी हाताकडं पाहते, मग आमच्या चेहऱ्यांकडं. तंत्रज्ञ घाईनं काही बोलत नाहीत. कधीपासून आहे, एवढंच विचारतात.

"झाले काई दिवस."

किती दिवस, याचं उत्तर महिन्यांत येत नाही. या धाकट्याच्या बारशाला नवी बांगडी भरताना कासारणीनं विचारलं होतं, हे काय म्हणून, असं तिला आठवतं. म्हणजे सात वर्षं. सात वर्षांत तिनं काहीच केलं नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. आधी मेडिकलमधून टूब आणली. डाग थोडा मंद झाल्यासारखा वाटला, टूब संपली की परत जागेवर. मग एका जाणत्याकडून पाला बांधून घेतला. मग तालुक्याला डॉक्टरकडं. त्यानं गजकर्ण सांगून परत टूब दिली, गोळ्या दिल्या, महिनाभर साबण लावू नका म्हणाला. दोन खेपांचं भाडं, फी, औषध. तिसऱ्यांदा ती गेली नाही. "दुखत नाई, खाजत नाई, तं दाखवू कायले?" ती म्हणते. यात मला अडाणीपणा कुठं दिसत नाही. दुखत नसलेल्या अवयवासाठी धानकापणीची मजुरी बुडवून तालुक्याला जाणारा माणूस शहरात तरी मला दाखवा.

ह्या रोगाचा जंतू हॅन्सननं 1873 मध्ये नॉर्वेत पाहिला. इतका संथ जंतू दुसरा क्वचितच असेल: एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. अंगात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त माणसांना त्याच्याविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते, त्यांच्या वाटेला तो कधी जात नाही. उरलेल्यांत तो कातडीत आणि नसांत घर करतो. नस मारतो म्हणजे दुखणंच मारतो. ताप आला, पोट दुखलं, विंचू चावला तर माणूस रात्रीत दवाखाना गाठतो, कारण दुखणं त्याला ढकलत असतं. इथं ढकलणारंच कोणी नाही.

तंत्रज्ञ तिचा तळवा उलटा करतात. बोटांच्या पेरांवर दोन जुन्या भाजल्याच्या खुणा आहेत, एक ताजी. "हे?"

"चुलीवरचा गंज उतरवताना."

"फडकं नाही घेत?"

"तिले लागत नाई," सासू प्रथमच बोलते. "तिचे हात लोखंडाचे हायेत. आमच्या घरी लग्नकार्यात भाताचा गंज तेच उतरवते."

हे तिनं कौतुकानं म्हटलं आहे. निदान पहिल्या वाक्यापर्यंत तरी. मग तिचाच आवाज खाली येतो. इतकी वर्षं घरानं ज्याचं कौतुक केलं ते काय होतं, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत लागताना दिसतो.

आशाताई सुनेला आत नेतात. खोलीत अंधार आहे, फिकट चट्टे दिव्याच्या उजेडात फसवतात, म्हणून दोघी मागच्या सांदवाडीत जातात. थोरली मुलगी लुगडं आडवं धरून उभी राहते. आम्ही पुढं थांबतो. बायकांचं निदान उशिरा होण्यामागं हे एक लुगडं धरणं किती आहे, यावर सरकारी कागदात फारसं काही नसतं. पाठ उघडी करायला बाई हवी, दिवसाउजेडी आडोसा हवा, आणि घरातल्या मोठ्या माणसाची हरकत नको. तिन्ही एका वेळी जुळून येण्याची वाट पाहण्यात वर्षं जातात. आशाताई परत येतात आणि तंत्रज्ञांना बोटांनीच आकडा सांगतात: पाठीवर चार, कमरेखाली एक. हातावरचा धरून सहा. पाठीवरचे तिला कधी दिसलेच नव्हते. ते ज्याला दिसले असते त्यानं कधी सांगितलं नाही, की उजेडात पाहिलंच नाही, हे विचारायची ही जागा नव्हे.

पाचांहून अधिक चट्टे म्हणजे जास्त जंतूंचा प्रकार, बारा महिन्यांचे औषध. पण तंत्रज्ञांना चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. ते तिच्या करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात वहीचा कागद धरायला लावतात आणि हळूच ओढतात. डाव्या हातात कागद फाटायला येतो. उजव्या हातातून तो सरळ निघून येतो. ती परत पकडते. परत निघतो.

"हे कधीपासून?"

रोवणीच्या वेळी पेंढी निसटत होती हे तिला आठवतं. रोवणी जुलैत. पाच महिने. तंत्रज्ञ माझ्याकडं पाहून फक्त भुवया उंचावतात. नस दुबळी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर हाताची ताकद पुष्कळदा परत येते; त्यानंतर येण्याची आशा झपाट्यानं कमी होते आणि बोटं वाकडी होतात ती तशीच राहतात. सात वर्षांच्या उशिराला आता चार आठवड्यांची मुदत लागलीय.

"काय हाय पण?" ती विचारते.

तंत्रज्ञ म्हणतात चामडीचा आजार आहे, नसांवर गेलाय, औषध फुकट मिळतं, पूर्ण बरा होतो. सासू वड्यांचं ताट बाजूला ठेवते. "म्हारोग म्हना नं सरळ."

कोणी काही म्हणत नाही.

बरी होईन का, कशानं झालं, हे मी अपेक्षिलेले प्रश्न येत नाहीत. सुनेचा पहिला प्रश्न येतो तो असा: "कोनाले सांगान?"

थोरलीचं जमत आलंय. मूल तालुक्याच्या बाजूचं घर आहे, मुलगा चांगला आहे, मिरचीहून आलं की बोलणी पक्की व्हायची. ती हिशेब मांडल्यासारखं बोलते: आत्ता गोळ्या सुरू केल्या तर कोणी ना कोणी पाहील, लग्न मोडलं तर थोरलीचंच नव्हे, मागं नणंदेच्या पोरीचंही अडेल. सात वर्षं गेली तशी आणखी सहा महिने. लग्न होऊ द्या, मग हव्या तितक्या गोळ्या खाते. हे ती विनवून सांगत नाही, आपल्याला आवरून सांगते. तिची मांडणी चूक आहे असं मला त्या अंगणात उभं राहून म्हणता येत नाही. तिचा आकडा एकाच ठिकाणी चुकतोय: नस सहा महिने थांबणार नाही.

आणि तिची भीती हवेतली नाही. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग असणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत 2019 पर्यंत लिहिलेलं होतं. रोग्यांना पकडून वेगळं ठेवण्याची सोय करणारा 1898 चा इंग्रजी कायदा 2016 मध्ये रद्द झाला. पूर्ण बरं करणारी बहुविध औषधं 1980 च्या दशकापासून गावोगाव येत होती, आणि औषध येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली तरी कायद्याचं पुस्तक हा रोग असाध्य असल्यासारखं बोलत होतं. मग मूलच्या बाजूचं एखादं घर तसंच बोललं तर त्यांना दोष देण्याआधी जरा थांबावं लागतं.

दुपारी उपकेंद्रात वैद्यकीय अधिकारी येतात. निदानावर शिक्का त्यांचा लागतो. नुकत्याच पदवी घेऊन बंधपत्रावर आलेल्या डॉक्टर आहेत, हुशार, नम्र. बाईला बसवतात, चट्टे पाहतात, मग तंत्रज्ञांकडं बघतात. कॉलेजात रुग्ण पाहिला होता का, असं मी नंतर विचारतो. एक, परीक्षेच्या आधी, लांबून. तंत्रज्ञ उभ्यानेच सांगतात, "मॅडम, कोपर थोडं वाकवा. आतल्या हाडाच्या खोबणीत बोट फिरवा. आता दुसऱ्या हाताची पाहा." डॉक्टरांचं बोट थांबतं. त्या पुन्हा फिरवून पाहतात. "जाड आहे," त्या म्हणतात, आणि चेहरा बदलतो. अशी नस बोटाला एकदा कळली की विसरत नाही, असं तंत्रज्ञ म्हणतात. त्यांच्यामागून हे बोट कोण शिकवणार, ते त्यांना माहीत नाही.

तालुक्याच्या त्या डॉक्टरनं गजकर्ण का म्हटलं, याचं थोडं उत्तर इथंच आहे. 2005 च्या अखेरीस देशानं दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण अशी पातळी गाठली आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं मानलं गेलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या कानावरून गेला, 'संपला' तेवढं उरलं. आजही देशात दरवर्षी लाखभर नवे रुग्ण निघतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. पण रोग संपला असं ऐकत शिकलेल्या डॉक्टरला फिकट चट्टा दिसला की कुष्ठाचा संशय येत नाही, टूब आठवते. रुग्णाच्या उशिरावर पुष्कळ बोललं जातं. ह्या बाईच्या सात वर्षांतली निदान चार मला दवाखान्याच्या खात्यावर टाकावीशी वाटतात.

दिवस कलताना तंत्रज्ञ मला राइस मिलच्या मागं नेतात. कोंड्याच्या ढिगापलीकडं एक हमाल भेटणार आहे. याला शोधावं लागलं नाही, यानंच आशाताईंच्या नवऱ्याकरवी निरोप दिलाय. फक्त जागा आणि वेळ त्यानं ठरवली. पन्नाशीचा गडी, अंगानं भक्कम. उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला. पायात रबरी बूट.

तो बूट काढतो. वास आधी येतो. तळव्याला अंगठ्याखाली खोल जखम आहे, कडा पांढऱ्या, जाड. बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. दिवसभर कट्टे वाहिले, रात्री बूट उतरवला तर आत रक्त. दुपट्टा सोडतो तर करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं.

"कधी कळलं?" तंत्रज्ञ विचारतात.

"मले ठाऊकच होतं."

हे ऐकून मी चमकतो, तंत्रज्ञ चमकत नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी पायाची संवेदना गेली तेव्हाच यानं ओळखलं. त्याच्या मोठ्याबाबाला हाच रोग होता. त्यांना वरोऱ्याला नेऊन सोडलं. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये तिथं आनंदवन उभं केलं ते घरानं टाकलेल्यांसाठीच. मोठ्याबाबांनी तिथं शेती केली, लग्न केलं, चांगले जगले म्हणे. "सुखात मेला बुढा. घरून मौतीले कोनी गेलं नाई," तो सांगतो. त्याच्या घरात वरोरा म्हणजे चांगल्या जगण्याचं गाव ठरलं नाही, परत न येण्याचं ठरलं. आनंदवनानं दार उघडलं होतं, बंद झालं ते इकडचं.

एकदा तो प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत गेला होता. आत जायला रांग. रांगेत गावचा पोलीस पाटील बीपीच्या गोळ्यांसाठी उभा. यानं खिडकीत तापाच्या गोळ्या मागितल्या आणि घरी आला. बस, एवढंच. दहा वर्षांतला दवाखाना तेवढाच.

औषधाबद्दल त्याला माझ्याहून जास्त माहिती आहे. पहिल्या दिवशी लघवी लाल होते. पुढं एका गोळीनं अंग काळवंडतं. बायकोला काय सांगायचं, मुकादमाला काय सांगायचं? जखमेसाठी सरकारी मऊ रबराच्या चपला फुकट मिळतात, तंत्रज्ञ नंबर विचारतात. तो मान हलवतो. "त्या चपला सगळे ओळखते जी." रोग लपवता येतो, उपचार लपवता येत नाही, असं हे त्रांगडं आहे. कट्टा पाठीवर घेतो तोवर तो हमाल आहे; चपला घातल्या की दुसराच कोणी होतो. औषधाची पहिली मात्रा पोटात गेल्यावर थोड्याच दिवसांत तो कोणाला रोग देऊ शकत नाही, काळवंडलेपण गोळ्या संपल्यावर हळूहळू ओसरतं, हे सगळं तंत्रज्ञ सांगतात. तो ऐकून घेतो. ऐकून घेणं वेगळं, हे दोघांनाही कळतं.

सरकारी कार्डावर याच्यापुढं 'श्रेणी दोन' असं लिहिलं जाईल, म्हणजे दिसणारी विकृती. निदानाच्याच दिवशी जितक्या नव्या रुग्णांत ती सापडते, तितका त्या जिल्ह्यातला उशीर मोठा असं मोजतात. वाकलेली बोटं गोळ्यांनी सरळ होणार नाहीत. शस्त्रक्रियेनं काही जमेल, तेही तो तयार झाला तर. आज का बोलावलं मग? तो जखमेकडं बोट दाखवतो. पाय फुगतोय, बूट चढत नाही. बूट चढला असता तर आजही बोलावलं नसतं, हे तो स्वतःच हसून सांगतो. तंत्रज्ञ कोंड्यातच उकिडवे बसतात. घमेलं, साधं पाणी, रोज वीस मिनिटं पाय बुडवायचा, मग जाड कातडी दगडानं हलकेच घासायची, खोबरेल लावायचं, आठ दिवस कट्टे नाहीत. आठ दिवसांवर तो अडतो. चारावर तोडपाणी होतं. चपलांचं ठरतं ते असं: मऊ रबराचा तळ कापून त्याच्या नेहमीच्या बुटात बसवून द्यायचा. उद्या संध्याकाळी, इथंच.

अंधार पडल्यावर आम्ही आशाताईंच्या घरी. सकाळची बाई येते, हातात बचत गटाचं पासबुक. रस्त्यात कोणी विचारलं तर हप्ता भरायला चालले, असं ठरलेलं. तिच्यामागून सासू येते, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

तंत्रज्ञ लाल पाकीट उघडतात. एका पाकिटात अठ्ठावीस दिवस. पहिल्या दिवसाच्या गोळ्या समोर घ्यायच्या असतात. सासू गोळ्या तळहातावर घेऊन मोजते, उजेडात धरते, मग सुनेच्या हातात देते. "घे." सून घेते.

आता खरी बोलाचाली सुरू होते. घरातल्या माणसांना रोग होऊ नये म्हणून एकेक प्रतिबंधक मात्रा मिळते, शेजाऱ्यांनाही देता येते, पण त्यासाठी तुमची हरकत नको, तंत्रज्ञ सांगतात. "घरच्याईलेच द्या," सून म्हणते. "शेजाऱ्याईचं पोरीच्या लग्नानंतर पाहू." तंत्रज्ञ लिहून घेतात, आग्रह करत नाहीत. आशाताईंचं तोंड उघडतं आणि परत मिटतं.

मिरचीचं काय? स्टेरॉइड सुरू केलंय, दर पंधरा दिवसांनी हाताची ताकद मोजून मात्रा उतरवत न्यायची, तेलंगणातल्या शेतात ते कोण करणार? डॉक्टरांनी दुपारीच सांगितलंय, जाऊ नका. पण घरचं सगळं जातं, हीच का राहिली, हे गावाला काय सांगायचं? मुकादमाकडून उचल घेऊन झालीय. थोरलीच्या लग्नाचा पैसा मिरचीचाच.

"मी जातो तिच्या बदल्यात," सासू म्हणते.

"तुमच्यानं होते का तोडनं?"

"होते तितकं करीन. तू राहा."

"आन् लोकाईले काय सांगू?"

सासू विचार करायला थांबत नाही. वाटेतच तिनं हे योजून ठेवलं असावं. "कंबर धरली म्हून सांगू. मागच्या साली त्या सरपंचाच्या भावजयीची नाई का धरली होती, चार महिने खाटेवर होती."

तंत्रज्ञ मान खाली घालून कार्ड भरत राहतात. आशाताईंना एकदम आठवतं, उपकेंद्रात कमरेचा एक पट्टा पडून आहे, कोणी नेलाच नाही. चावी त्यांच्याकडंच आहे. दहा मिनिटांत त्या पट्टा घेऊन येतात, धूळ झटकतात, आणि सून उभी राहून लुगड्यावरून तो बांधून पाहते. उजव्या हातानं ओढता येत नाही, म्हणून सासू पुढं होऊन बक्कल लावते.

"घट्ट नोको बांधू वो," सून म्हणते.

"दिसला पायजे," सासू म्हणते, आणि आणखी एक भोक आवळते.